बिनदांड्याच्या कुऱ्हाडी

जुनं लोखंड घरात आलं की त्याच्यामागून दोन गोष्टी येतात : गंज आणि किस्से. गंज रॉकेलने निघतो. किस्से साचत जातात, आणि कुणी चहाला बसलं की आपणच त्यांना परत परत घासूनपुसून बाहेर काढतो.

आमच्याकडे लोखंड यायचं ते जुन्या कुऱ्हाडींच्या रूपाने. आमचे हे पालघरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगमास्तर. इतरांचे नवरे पोस्टाची तिकिटं जमवतात, फार तर पत्ते कुटतात. ह्यांना जुन्या कुऱ्हाडींचा नाद! लाकडं फोडायची कुऱ्हाड घरात वेगळी होती, नवी. ती मी चालवत असे.

सुट्टी आली की पिशवी घेऊन निघायचं. कधी आठवडे बाजार, कधी भंगाराचं दुकान, कधी जुन्या सामानाचं. अजूला काखेत घेऊन मीही जायचे. मुलाला कुणाकडे ठेवायचा मला धीर नव्हता, आणि ह्यांना विकणाऱ्यासमोर एकटं सोडायचाही.

अजू तेव्हा दीड वर्षाचा होता आणि चालत नव्हता. बसायचा मात्र झकास. बसण्यात त्याचा हात धरणारं मूल अख्ख्या पालघरात नसेल. डॉक्टर म्हणाले, "चालेल हो, काळजी करू नका." हे म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ना?" विषय संपला. माझा संपेना. कारण पाचव्या महिन्यात, अंघोळ घालताना, तो एकदा माझ्या ओल्या हातातून पाटावर निसटला होता. टेंगूळसुद्धा आलं नव्हतं. पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही.

तर कुऱ्हाडी.

*

पहिल्या कुऱ्हाडीच्या वेळी हे लाजले. बाजारात मुलांचे आईबाप भेटतात, मास्तर कुऱ्हाडीचा भाव करतोय हे बरं दिसत नाही म्हणे. मला पुढे पाठवलं.

विळे-कोयते मांडून एक बाई बसली होती. मी विचारलं, "कुऱ्हाड आहे का?"

"ही घे. नवी हाय. लाकडं अशी फुटतील!"

"लाकडांसाठी नकोय. जुनी हवी. जरा वजनदार."

बाईचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, काखेतल्या अजूकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नवरा कुटं हाय?"

मी आपलं खरं ते सांगितलं. "ते काय, बांगडीवाल्याच्या मागे लपलेत."

तिने मान उंचावून ह्यांना नीट पाहून घेतलं. किडकिडीत माणूस, चष्मा, हातात रिकामी पिशवी. तिने कुऱ्हाड गोणपाटाखाली सारली.

"घरी जा बाय. दोन दिवसांनी राग नाय गेला तं ये. मंग देते!"

*

मग एक डोंगराकडचे आजोबा भेटले. खांद्यावर अस्सल जुनी कुऱ्हाड, दांडा हाताने घासून घासून काळा तुळतुळीत झालेला. हे विरघळलेच. आजोबा विकायला लगेच तयार. सौदा ठरला. आजोबांनी दगडाने दोन ठोके घातले, पातं निखळवलं, ते ह्यांच्या हातात दिलं आणि दांडा खांद्यावर टाकून चालायला लागले.

"अहो आजोबा, दांडा?"

"पातं लोहाराचं. ते घे. दांडा माजा हाय, माज्या हाताचा. तो नाय देत."

"पण नुसत्या दांड्याचं तुम्ही काय करणार?"

"दुसरं पातं घालीन."

"आणि नुसत्या पात्याचं मी काय करू?"

आजोबांनी ह्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "ते तुजं तू बग!"

पुढे आणखी तिघाचौघांनी असंच केलं. पातं खुशाल न्या, दांडा मिळणार नाही. भंगारवाल्याकडे तर दांडा येतच नाही, तो आधीच कुणाच्या तरी चुलीत गेलेला असतो. अशी आमच्या खाटेखाली तेरा पाती झाली आणि दांडा एकही नाही. अख्खी कुऱ्हाड मिळावी एवढी एकच इच्छा ह्यांना उरली होती.

त्या डोंगराकडच्या आजोबांनी जाता जाता अजूच्या गालाला बोट लावलं होतं. "चालतो का?"

"अजून नाही हो," मी म्हटलं. आवाज माझा मलाच कसासा वाटला.

"नाय तं नाय. त्याला कुटं जायचं हाय?"

*

तेरा पाती आणि रांगणारं मूल! मला घास गोड लागेना. शेवटी अजूच्या टोपड्यांचं फ्लॅनेल उरलं होतं, त्याच्या मी प्रत्येक पात्याला गवसण्या शिवल्या. नाडीसकट. धुऊन दोरीवर वाळत घातल्या.

शेजारच्या सुमनताई कुंपणापाशी आल्या. त्यांच्या पुतणीची मुलगी नवव्या महिन्यात चालली होती, आणि हे त्यांनी मला नऊ वेळा तरी सांगितलं होतं. त्यांनी दोरीवरची टोपडी मोजली. चेहरा एकदम उजळला.

"अगं, बोलली नाहीस! कितवा? आणि एवढी तेरा-तेरा कशाला गं शिवलीस?"

"तसं काही नाही हो. कुऱ्हाडींना शिवलीत."

सुमनताई पंधरा दिवस आल्या नाहीत. तेवढाच पुतणीच्या मुलीपासून आराम.

*

चुरीमास्तर ह्यांच्याच शाळेत इतिहास शिकवत. लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की ती वसईच्या मोहिमेतली. एकदा तर आमची सांडशी त्यांनी उजेडात धरून बघितली होती.

एका पात्याचा गंज घासताना खालून बाणाचा शिक्का निघाला. चुरीमास्तर खुर्चीवरून उठले. "बाण! तिरंदाजांच्या तुकडीची! लिहून ठेवा मास्तर, वसईची मोहीम!"

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या रिटायर हवालदारांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ही इंग्रजांच्या वेळची खूण. बाण म्हणजे सरकारी माल."

झालं! सरकारी माल मास्तराच्या खाटेखाली! बाप तुरुंगात आणि मुलगा चालत नाही, इथपर्यंत मी पाच मिनिटांत पोहोचले. पातं पिशवीत घालून, ह्यांना न सांगता, मीच एका सरकारी कचेरीत गेले. म्हटलं, ही तुमची कुऱ्हाड सापडली आहे, ठेवून घ्या.

कारकुनाने विचारलं, "हरवल्याचा अर्ज कुणी केलाय?"

"कुणी नाही."

"मग हरवलेलीच नाही ना बाई! हरवली नाही तर सापडेल कशी?"

मी इंटरपर्यंतच शिकले आहे. पातं परत घेऊन आले.

संध्याकाळी चुरीमास्तरांना सगळं सांगितलं. ते मुळीच डगमगले नाहीत. "बरोबर आहे. इंग्रजांना ती वसईतच मिळाली असणार!"

*

तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं, आणि बोईसरला भंगाराची दुकानं उगवली. त्यातल्या एकाने आमच्यासाठी मुद्दाम एक पातं काढलं. लालभडक गंज, कडा खाल्लेल्या.

"पुराना है?" ह्यांनी विचारलं.

"साब, मेरे दादा के जमाने का!"

मी ते हातात घेतलं. दांड्याच्या भोकात काळा चिखल होता, ओला. बघता बघता त्यातून नखाएवढा एक खेकडा बाहेर आला, पात्यावरून तिरका चालत गेला आणि काउंटरवर उतरला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. अजूही. माझ्या मनात आलं, हासुद्धा चालतो!

"भैया," मी म्हटलं, "ये तो नया है. खाडी के चिखल में गाडके रखा था."

भंगारवाला जराही वरमला नाही. "नया है तो क्या हुआ, बहनजी? घर में रखिए. हो जाएगा पुराना!"

युक्तिवाद ह्यांना पटला. ते चौदावं पातं.

*

तारापुरात एका पारशी बावाजींचं जुन्या सामानाचं दुकान होतं. तिथे, मोडक्या घड्याळाशेजारी, दांड्यासकट एक अख्खी कुऱ्हाड होती!

बावाजींनी ह्यांना विचारलं, "तू काय करनार हेचा?"

"भिंतीवर लावणार."

"मग नाय देनार. कुऱ्हाड हाय, कॅलेंडर नाय!"

महिन्याने हे परत गेले. ह्या वेळी तयारीने. "लाकडं फोडणार."

"मग नवी घे नी, डिकरा! ही जुनी हाय, तुटेल!"

तिसऱ्या खेपेला मी पुढे झाले. म्हटलं, खरं बोलावं. "बावाजी, ह्यांना काही करायचं नसतं. नुसती बघायची असते."

बावाजी खूश झाले. दोन खुर्च्या फडक्याने पुसल्या. "तर मग बसा नी! बघा! बघायला पैसा नाय!"

आम्ही तासभर बसून कुऱ्हाडीकडे बघितलं. अजूही बसला. त्यात तो तरबेज होताच.

*

आणि मग दातिवरे.

कुणीतरी सांगितलं, तिथे एका म्हाताऱ्या कोळणीकडे तिच्या नवऱ्याची कुऱ्हाड आहे. तो होड्या बांधायचा. कुऱ्हाड दांड्यासकट आहे. आम्ही एस.टी.ने गेलो, मग पायी.

आजी अंगणात बोंबील वाळत घालत होती. कुऱ्हाड दाखवायला तिने आढेवेढे घेतले नाहीत. रुंद पातं, आणि काळाभोर दांडा, मुठीपाशी बोटांच्या जागा झिजलेल्या.

"देशील का आजी? पण दांड्यासकट हवी," हे घाईघाईने म्हणाले.

"त्याच्याबगर काय करशील? ने. पडूनच हाय."

ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतका आनंद. पण मास्तर माणूस! शिक्का बघायचा होता. "आतल्या बाजूला काही कोरलंय का, बघू का?" आजीने पाचर ठोकून काढली, पातं ह्यांच्या मांडीवर दिलं, दांडा जमिनीवर ठेवला. हे चष्मा वर करून शिक्का शोधू लागले. मी पात्याच्या धारेकडे आणि अजू पात्यापासून किती लांब आहे त्याकडे बघत होते.

अजू तिथे नव्हता. म्हणजे बसलेला नव्हता.

त्याने दांडा उभा धरला होता, दोन्ही हातांनी, आणि त्याच्या आधाराने तो उभा होता. मी उठले तशी आजीने माझं मनगट पकडलं. "गप ऱ्हा. हात नको लावू."

एक पाऊल. दांडा पुढे टेकला. दुसरं. तिसरं.

"तो पाटावर पडला होता हो!" मी मोठ्याने म्हणाले.

"कोण? कधी?" हे दचकले.

"अजू! पाचव्या महिन्यात! माझ्या हातून!"

"अगं, मग आत्ता काय त्याचं?"

चौथं, पाचवं. सहाव्याला अजू आजीपर्यंत पोहोचला आणि तिच्या लुगड्यावर आपटला. दांडा सोडला नाही. आजीने त्याच्या मुठीकडे पाहिलं. झिजलेल्या जागेवर बरोबर बसली होती, फक्त फार छोटी होती.

मग ती उठली, ह्यांच्या मांडीवरचं पातं उचललं आणि घरात ठेवून आली.

"पातं नाय देत आता. दांडा जाऊ दे."

"अहो आजी!" ह्यांचा आवाज रडवेला झाला होता. "घरी चौदा पाती आहेत. ही एकच अख्खी... मी नुसत्या दांड्याचं काय करू?"

आजी बोंबलांकडे वळली.

"तुला कोन देतंय?"