आप्पांच्या खोलीची भिंत

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं घरात सगळेच म्हणतात. पण नेमकं बोलायला हवं होतं त्या संध्याकाळी मी गप्प बसले. त्याची चीड अजून जात नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर, शहरात टिळकवाडीत राहते. माहेर बोरगावचं, तंबाखूच्या शेतकऱ्यांचं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, जन्मभर तंबाखूची धूळ छातीत भरून घेतली. पुढे पुढे चार पावलं चालले तरी धाप लागायची. घरावर पत्रे. डॉक्टरांनी बजावलं, यांना उष्मा सोसणार नाही, गार खोलीत ठेवा. एसी लावावा तर गावातली वीज भर दुपारी जाणार. म्हटलं, मीच बांधते.

परसात वेगळी खोली बांधली. काळ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, आतून मातीचा गिलावा. अशी भिंत दिवसभराचं ऊन पोटात घेते, आत सोडत नाही. मात्र रात्री खिडक्या सताड उघडून तिला निववावी लागते. नाहीतर साठलेली उष्णता ती रात्रभर आत ओतते. अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, हे मी दहादा सांगितलं. तो दरवेळी ‘व्हय’ म्हणाला.

पहिला उन्हाळा झकास गेला. येईल त्याला आप्पा भिंतीला हात लावायला लावायचे. “माझ्या लेकीनं बांधलीया. लई गार हाय.”

दुसऱ्या वर्षी तंबाखूला दर नव्हता. माल विकायचा नाही, ठेवायचा, असं ठरलं. मग घरातली सगळ्यात गार खोली कुणाला मिळणार? आमच्याकडे आधी माल, मग माणूस. मी ह्याच घरात वाढले आणि नकाशा काढताना पोती कुठं राहतील हे डोक्यात आलं नाही. डोंबलाची इंजिनिअर!

मे महिन्यात एका संध्याकाळी गेले तर छतापर्यंत पोती, आप्पांची कॉट भिंतीला चिकटलेली आणि खिडक्या बंद. अंगाला नुसत्या वाफा. मी खिडकी उघडली.

“लाव ती,” आप्पा म्हणाले. “वास उडाला तर कोण इचारतंय मालाला?”

“आणि तुम्हाला काय झालं तर?”

“तुझ्या भावाची वर्साची मेहनत हाय, पोरी.” एवढं बोलूनच त्यांना खोकल्याची उबळ आली, डोळे पांढरे झाले. वाद वाढवला तर आणखी दम लागेल म्हणून मी गप्प झाले. सकाळी पोती हलवू, असं अण्णा म्हणाला. खिडकी मी माझ्या हातानं लावली.

सकाळी चहा घेऊन गेले. आप्पा भिंतीकडे तोंड करून निजलेले, तळवा भिंतीला टेकलेला. त्या हाताला हात लावला. उबदार होता. बरं वाटलं मला. कधी नव्हे ते झोप लागलीय, झोपू दे म्हटलं आणि कपावर बशी झाकली. मग मी आणि अण्णानं पोती बाहेर काढायला सुरुवात केली. हळू, आवाज न करता. “त्यास्नी जाग येईल,” अण्णा सारखा सांगत होता. तासभर तरी गेला असेल.

शेवटी कॉट सरकवायची म्हणून मी त्यांचा दुसरा हात धरला. तो गार पडला होता. भिंतीवरचा हात मात्र तेव्हाही उबदार होता, माझ्या भिंतीनं ठेवला होता तसा.