जर्मनीला निघण्याआधी

जर्मनीतल्या एका लुथरन मंडळीचं आमच्या मंडळीशी जुनं भागीदारीचं नातं आहे. त्यांच्या भेटीला जाण्यासाठी पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं, तेव्हा मला आनंदापेक्षा संकोचच जास्त वाटला. त्या उन्हाळ्यात नेकनूरजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या होत्या. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची मी अध्यक्ष. बाकीच्या टँकरपुढे घागरी घेऊन उभ्या असताना मी विमानात बसायचं, हे मनाला पटेना. घरी सासूबाई, त्यांना नीट दिसत नाही. रोज प्रार्थनेत मी म्हणायचे, "प्रभू, जाऊ की नको, ते तूच सांग." मन काही स्थिर होईना. शेवटी मीच ठरवलं की जायचं नाही, आणि पाळकसाहेबांना तसं सांगायला बीडच्या एसटीत बसले.

शेजारी एक म्हातारी मुसलमान बाई होती, पायाशी खरबुजांची पाटी. माझ्याकडे बघत म्हणाली, "तोंड कावून उतरलंय, बेटी?" अनोळखी माणसाला मी घरचं कधी सांगत नाही. त्या दिवशी मात्र सगळं सांगून टाकलं.

तिने पायाशी सरकलेली पाटी नीट केली. मग म्हणाली, "म्या हजला गेलते, तवाबी असाच दुष्काळ होता. जाऊ वाटत नव्हतं. माझी शेजारीण रोज मारुतीला जानारी. ती म्हनली, शेळ्या आमी बघतो, तू आमच्यासाठीबी दुवा माग. तिनंच मला गाडीत बसवलं. तू तुज्या बायांना इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.

"मंग त्यांच्या वतीनं तूच न्हाई कावून म्हनतीस?"

बीड आलं. माझ्या पिशवीत एक खरबूज घालून ती गर्दीत शिरली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पाळकसाहेबांकडे न जाता मी परतीची गाडी धरली.

संध्याकाळी संस्थेत दूध घालायला बायका जमल्या, तेव्हा मी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. त्या एकमेकींकडे बघून हसायलाच लागल्या. "वैनी, तुमी न्हाई गेलात तर हिचं काय करायचं?" म्हणत एकीने कपाटामागून गोधडी काढली. प्रत्येकीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिच्यात होता. जर्मनीच्या मंडळीला द्यायला त्या माझ्यापासून लपवून ती शिवत होत्या. त्यात सासूबाईही सामील होत्या.

"माजे टाके वाकडे हायेत, तेवढं त्यांना सांग," घरी आल्यावर त्या म्हणाल्या. पाण्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "शेजारची सखू आणती म्हनली. तू नव्हतीस तवाबी आमी पानी पेतच हुतो की."

पाऊस आला नाही. टँकरची रांगही तशीच राहिली. पण गावात जणू लग्नघराची गडबड सुरू झाली. कुणी तिळाची चटणी कुटून दिली, कुणी कानटोपी विणली. मी शिकवलेलं 'गुटन टाग' म्हणत बायका दूध मापताना एकमेकींना नमस्कार करायच्या आणि हसून बेजार व्हायच्या.

मी प्रभूकडे आकाशातून उत्तर मागत होते. त्याने ते माझ्या अवतीभवतीच्या माणसांच्या तोंडी ठेवलं होतं. सगळं आपल्याच खांद्यावर आहे असं मी धरून बसले होते. तो भार त्याने किती हलक्या हाताने उतरवला. निघायच्या दिवशी सासूबाईंनी चाचपत माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडी वळेपर्यंत निरोपाला आलेल्या बायकांकडे बघत मी प्रभूचे आभार मानत राहिले, आणि मागे काय होईल याची काळजी, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या मनात नव्हती.