वैशाखऱ्याच्या जनीचा फ्रिज आणि तीन वर्षांचा कागद

मुरबाडच्या बाजारात जनीला कुणी फसवलं, असं वैशाखरे गावात कधी ऐकायला मिळालं नव्हतं. वांगं नख लावून बघायची, सुकट मूठभर हुंगून परत टाकायची, आणि दुकानदाराने भाव सांगितला की नुसतं हसायची. तिचं ते हसणं ऐकूनच भाव खाली यायचा. गावातल्या बायका लग्नाचा बस्ता बांधायला तिला मुद्दाम बरोबर न्यायच्या. अशी ही बाई एका फ्रिजपायी जी गोंधळली, ती गोंधळलीच.

फ्रिज हौसेचा नव्हता. तिचा नवरा राघो साखरेच्या दुखण्यानं खंगला होता आणि गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं होतं. सुई टोचायला जनी स्वतः शिकली, हिरव्या पपईवर टोचून टोचून. औषधाच्या बाटल्या ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. पण २००३च्या उन्हाळ्यात औषध उन्हानं खराब झालं. सुई रोज टोचली जात होती आणि साखर मात्र चढत होती. राघोला कल्याणच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं. परत आल्यावर जनीनं एक म्हैस विकली आणि पुढच्या चैत्रात मुलगी रेश्मा हिला घेऊन मुरबाडला फ्रिज घ्यायला गेली.

भाव तिनं नेहमीप्रमाणे पाडला. मग शेठनं खणातून एक गुळगुळीत कागद काढला.

"मावशी, कंपनीची वॉरंटी एक वर्ष. हा घेतलात तर वर आणखी तीन वर्षं. काय बिघडलं तरी तुम्ही बघायचं नाही."

जनी कागदाकडे बघत राहिली. "शेठ, फ्रिज चांगला हाय ना?"

"एक नंबर!"

"मग बिघडंल कशाला? आन बिघडनार असंल तर तुमी मला देताव कशाला?"

शेठ हसला, रेश्माही हसली. जनी हसली नाही. तिला खरंच विचारायचं होतं. "मी दोन दिवसांनी सांगते," म्हणून ती उठली.

बाजारात दामू मेकॅनिकचं दुकान होतं. रेडिओ, पंखे, फ्रिज, सगळं तो उघडायचा. दामू म्हणाला, "नको घेऊ वैनी. मी बसलोय ना हितं! फुकटचे पैसे जातील." जनीला पटलं. पण दुकानाची पायरी उतरताना तिच्या मनात आलं, की कागद घेतला तर दामूचं गिऱ्हाईक जाणार, म्हणून हा नको म्हणतोय. आणि शेठचा कागद खपणार, म्हणून तो घे म्हणतोय. ज्याचा दोन्हीकडून काही फायदा नाही, असा माणूस शोधायला हवा. तिला डॉक्टर आठवले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मला फ्रिजमधलं काही कळत नाही. औषध गार राहिलं पाहिजे एवढं मला कळतं."

एवढ्यावरच तिनं परत जाऊन फ्रिजबरोबर कागदही घेतला. औषध गार राहिलं पाहिजे, आणि शेठ म्हणतोय की तुम्ही बघायचं नाही. म्हणजे फ्रिज बंद पडणारच नाही, असा तिनं अर्थ लावला.

घरी आल्यावर तिनं गावच्या शाळेतल्या शाम गुरुजींकडून तो कागद वाचून घेतला. बारीक इंग्रजी अक्षरं. गुरुजी चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले. "विजेच्या कमीजास्तीनं बिघडला तर नाही. पाणी शिरलं तर नाही. उंदरानं वायर खाल्ली तर नाही. परक्या माणसानं उघडला तर कागद रद्द."

"आन मंग हाय कवा?"

गुरुजींनी कागद उलटून पाहिला. "आपोआप बिघडला तर."

"आपोआप म्हंजे कसा?"

गुरुजींनी चहा मागितला.

दोन वर्षं फ्रिज बरा चालला. २००६च्या उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं. वीज जायची, यायची, आली की दिवा कधी विस्तवासारखा लाल तर कधी डोळे दिपतील असा. एका दुपारी वीज आली, पण फ्रिज सुरू झाला नाही. आतला दिवा लागला, गारवा मात्र येईना. जनीनं दाराला कान लावला. आत सगळं शांत होतं.

रेश्मानं टोकावड्याच्या बूथवरून कागदावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली. तक्रार नोंदवली, नंबर दिला, सात कामाच्या दिवसांत माणूस येईल म्हणाली.

"सात दिस?" जनी ओरडली. "औषध हाय आत!"

"आई, मी सांगितला. ती बोलली, नोंद झाली."

त्या दिवसापासून जनी फ्रिजसमोर अडकली. दामूला बोलवावं तर कागद रद्द. न बोलवावं तर औषध खराब. बाटल्या पुन्हा माठाशेजारी आल्या. रोज सकाळी राघोचा चेहरा बघायचा, जीभ कोरडी आहे का विचारायचं, आणि दुपारी एसटी आली की रस्त्यावर जाऊन बघायचं, हातात पेटी घेतलेला कुणी उतरतो का. चौथ्या दिवशी राघो म्हणाला, "तहान लय लागते गो." साखर चढल्याची ती खूण जनी ओळखून होती; तिनं पुढे काही ऐकलं नाही. ती मुरबाडला गेली आणि दामूला घेऊनच आली.

दामूनं मागचा पत्रा उघडण्याआधी हात थांबवला. "वैनी, हितं कंपनीची चिकटपट्टी हाय. फाडू?"

"फाड."

आत एक लहानसा सुटा भाग जळला होता. दामूनं तो बदलला आणि पाऊण तासात फ्रिज घुरघुरायला लागला. जनीला रडू आलं. दामूला वाटलं, कागदापायी रडते आहे.

नवव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं फ्रिज चालू पाहिला, मागे फाटलेली पट्टी पाहिली. "कुणी उघडला?" जनीनं खरं ते सांगितलं. "मग कागद रद्द झाला, मावशी. तसंही विजेनं जळलेलं यात बसत नाही. स्टॅबिलायझर कुठं आहे?"

"त्यो कोण?" जनीनं विचारलं.

त्या माणसानं कपाळाला हात लावला, वहीत काहीतरी लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि एसटी चुकेल म्हणून पळाला.

जनीनं कागद ट्रंकेत टाकला. पण पुढच्या वर्षी दिवाळीनंतर फ्रिज पुन्हा बंद पडला. या वेळी दामूनं मान हलवली. कंप्रेसर गेला होता, फार मोठं काम होतं. रेश्मा म्हणाली, "आई, एक फोन करून बघू."

"रद्द झालेला कागद गो तो!"

"आपला काय जातंय?"

फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी दोघंजण टेम्पोतून नवा कंप्रेसर घेऊन आले. बसवला, गॅस भरला, पैसे मागितले नाहीत. जनीला राहवलं नाही. "अवो, त्या टायमाला तुमचा मानूस बोलला, रद्द."

दोघांतल्या मोठ्या मेकॅनिकनं हातातली नोंद चाळली. "इथं लिहिलंय, मशीन चालू, तक्रार नाही. रद्दबिद्द काही नाही. आणि कंप्रेसरला मूळ कंपनीचीच पाच वर्षं असतात, त्याला हा कागद लागतच नव्हता."

"म्हंजे कागद फुकट घेतला?"

"तसं नाही. गॅस भरला ना, तो या कागदातला. आणि कागदाच्या नंबरवर फोन केलात म्हणून आम्ही लवकर आलो."

जनी ओटीवर बसून राहिली. पहिल्या माणसानं दया येऊन तसं लिहिलं, की घाईत काहीतरी खरडलं? आभार कुणाचे मानायचे? लागत नव्हता तो कागद लागला, आणि लागला होता तेव्हा चालला नाही. कागदाचा नफातोटा बोटांवर मोजू लागली की एखादं बोट जास्तच उरायचं.

पुढच्या वर्षी शेजारची बाळी टीव्ही घ्यायला निघाली. आदल्या संध्याकाळी ती येऊन बसली. "जने, शेठ त्यो कागद देतो बोलतात. घेऊ का?"

जनीनं तिला सगळं सांगितलं. शेठ, दामू, गुरुजी, उंदीर, फाटलेली पट्टी, टेम्पोतून आलेले दोघं. बाळी मन लावून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजे घेऊ का नको?"

"ते मला अजून कळला नाय," जनी म्हणाली.

बाळी थोडी रागावूनच गेली. आतून राघो म्हणाला, "तिला साधा हो का नाय, येवढा तरी सांगायचा होतास."

"मला ठावं असता तर सांगितला नसता?" जनी म्हणाली. मग तिनं फ्रिज उघडला, बाटली गालाला लावून पाहिली, आणि जेवणाआधीची सुई भरायला बसली.