बर्फाला घाम सुटेपर्यंत

टेकडीखालच्या वस्तीतली पोरं तिला सुईबाई म्हणत आणि ती दिसली की धूम ठोकत. मोठी माणसं मात्र ताई म्हणत. हा मान आयता मिळाला नव्हता. सुरुवातीला याच वस्तीने तिच्या तोंडावर दारं लावली होती. आज्यांच्या शिव्या खाऊन तिने एकेक घर आपलंसं केलं होतं.

तेव्हा आरोग्य केंद्रात ती धरून दोघी नर्स होत्या. गोठलेली लस वाया जाते, म्हणून फ्रीझरमधले आइसपॅक लगेच लसीच्या डब्यात घालायचे नसतात. टेबलावर ठेवून त्यांना घाम सुटू द्यायचा, आत पाणी खळखळलं की मगच भरायचे. एकजण तिथे बसे, दुसरी वस्तीत जाऊन बायकांना गोळा करी. मग जोडीदारीण निवृत्त झाली आणि तिची खुर्ची रिकामीच राहिली. शेजारच्या केंद्रातलीही नर्स गेली, ते कामही ताईच्याच गळ्यात पडलं. माणूस मागितलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं, "जरा सांभाळून घ्या." सांगायला त्यांचं काय जातंय!

त्या दिवशी ताई शेजारच्या केंद्रातून धापा टाकत आली. वस्तीत बायका ताटकळल्या होत्या. तिने आइसपॅक तसेच डब्यात कोंबले आणि निघाली.

पहिली बाटली संपली. दुसरी तिने सवयीने हलवून उजेडात धरली, तर आतले पांढरे कण झरझर तळाला बसले. लस गोठून गेल्याची खूण. पहिलीही त्याच आइसपॅकला चिकटून होती.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण टोचलेली पोरं आजाराच्या तोंडी राहिली असती. आणि सांगितलं, तर ही दारं पुन्हा बंद होणार होती.

"बायांनो, थांबा," ती म्हणाली. "माझी चूक झालीय. बर्फाच्या पिशव्या घाईने भरल्या, लस गोठली."

पुढेच मिरची आजी बसली होती. जिभेमुळे पडलेलं नाव. मांडीवर नात हमसून हमसून रडत होती.

"म्हणजे हिला उगाच रडवलंस?"

"हो, आजी. अपाय नाही, पण उपयोगही नाही. पुन्हा टोचावं लागेल."

आजीने नातीला खांद्यावर टाकलं आणि चालू लागली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या गेल्या. ताईला वाटलं, इतक्या वर्षांचं केलेलं पाण्यात गेलं.

तिने वर कळवलं. मागितलेलं माणूस वर्षानुवर्षं आलं नव्हतं, खुलासा मागणारा कागद मात्र लगेच आला.

पुढच्या लसीकरणाला तिने आइसपॅक टेबलावर मांडले आणि समोर बसून राहिली. इथे बसावं तर बायकांना बोलवायचं कुणी? आणि बोलावलं तरी येतंय कोण?

दारात मिरची आजी उभी होती, कडेवर नात.

"याच का त्या मेल्या पिशव्या?" म्हणत ती थेट जोडीदारणीच्या खुर्चीत बसली. "कधी भरायच्या ते सांग."

"हलवल्यावर आत पाणी वाजलं की."

"मग मी बसते राखण करत. तू जा, बायकांना हाका मार. आधी हिला टोचायचं. मग बघते मागे कोण राहतं ते!"

"आजी, तुम्ही रागावून गेला होतात ना?"

"अजून आहे राग. पण सांगितलंस ना तोंडावर. जा आता, उशीर नको."

ताई आपली खांद्याची झोळी उचलून दारापर्यंत गेली आणि सवय नसल्यासारखी थबकली.

"येते हं, आजी," ती म्हणाली. किती वर्षांनी केंद्रातून निघताना तिला असं सांगायला कुणीतरी होतं. पायरीवरच तिला रडू फुटलं.