बरणीतला कोळी

लाखनीला हमरस्त्यावर माझं खत-औषधांचं दुकान होतं. तणनाशक नवं होतं तेव्हा धानवाले बिचकत. धानाचा रस पिणाऱ्या तुडतुड्यांना कोळी खातात, ते कोळीच मेले तर पीक कोण राखणार, असं विचारत. म्हणून मी गल्ल्याजवळ काचेची बरणी ठेवली. आत तणनाशक मारलेलं धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत आणि एक कोळी.

"आठवडा झाला, मेला का?" मी विचारायचो.

"नाई जी. हा त तुमच्यापेक्षा तरतरीत हाय!" गिऱ्हाईक हसायचं आणि डबा घेऊन जायचं.

पहिला कोळी खरंच मेला नव्हता. पण एकदा गंमत म्हणून मी बरणीत तुडतुडे सोडले. ते त्याच्या पायांवरून चालत गेले, तो हलला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. धानाच्या बांधीतून नवा कोळी आणून साध्या गवतावर ठेवला, तर त्याने पाहता पाहता दोन तुडतुडे धरले. मला कळायचं ते कळलं. त्यानंतर दुकान उघडण्याआधी मी रोज बरणीतला कोळी बदलू लागलो.

त्याच हंगामात धाकट्या भावाचं धान तुडतुड्यांनी करपलं. बांधीत गोल गोल जळके चट्टे. धुरे त्याने माझ्याच औषधाने साफ केले होते. तो दुकानात आला.

"दादा, कोळी त दिसून राहिले. मंग तुडतुडे काहून वाढले?"

"युरिया कोणं ओतला? तूच ना?" मी चार लोकांदेखत म्हणालो.

जास्त युरियाने तुडतुडे वाढतात, आणि तो जास्त झालाही असेल. सगळं औषधानेच गेलं, असं मी आजही म्हणू शकत नाही. पण पाहिलेलं मी दडवलं आणि दोष त्याने घेतला. अजून तो त्याच्या मुलाला सांगतो, "माया हातानं गेलं ते पीक."

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर धुऱ्यावर बसून मी भावाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पायांचा चिखल धूत राहिला.

"तू कोळी बदलवत होता, हे मले तवाच मालूम होतं," तो म्हणाला. "कधी बारका राहे, कधी मोठा. मले वाटे, दादाले कीव येते. सांजच्याले वावरात सोडून देत असशीन."

दुकानामागे नाली होती. बरणी मी तिथे उपडी करायचो. तेवढं मात्र त्याच्यासमोर माझ्याने बोलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला सगळं सांगितलं. नालीसकट.