माउथ ऑर्गन आणि शेंगाचटणी

माझ्याकडे माउथ ऑर्गन आहे हे कारखान्यात कळू दिलं, ही माझीच चूक. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिसचं काम बघते. जेवणाच्या सुट्टीत माग बंद होतात आणि इतकं सुनं सुनं होतं की कानांना करमत नाही. म्हणून एकदा वाजवला. तेव्हापासून माझ्या सुट्टीचं वाटोळं झालं.

"ताई, ह्यो फुंकायचा का ओढायचा?"

दोन्ही.

"मग दम लागत न्हाय व्हय?"

लागतो, पण या प्रश्नांनी. धुवायचा कसा? धुवायचा नाही, तळहातावर आपटून थुंकी झटकायची. पेटी येत असली की हा येतो का? नाही येत. टिकतो किती दिवस? माणसं तीच, प्रश्न तेच, आणि काल दिलेलं उत्तर आज कुणाच्या ध्यानात नाही. शेवट मात्र सगळ्यांचा ठरलेला: "जरा द्या की, बघतो."

अहो, पेन आहे का ते? तोंडात धरायची वस्तू आहे. दात घासायचा ब्रश कुणी मागतं का शेजाऱ्याला? पण तोंडावर नाही म्हणायला मला जमत नाही. द्यायचा, परत घ्यायचा आणि ओढणीनं घासघासून पुसायचा.

'टिकतो किती'चं उत्तर मात्र मी हौसेनं द्यायचे. माझे वडील, आबा, बार्शीच्या एका शाळेत शिपाई होते; आता माझ्याकडेच असतात. त्यांचा जुना माउथ ऑर्गन अजून मूळ डबीत आहे, आतली एकही पट्टी बिघडलेली नाही. एकदा तर मी ती डबीच कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवली. म्हटलं, वस्तू अशी वापरावी.

काही उपयोग झाला नाही. गेल्या शनिवारी आमच्या जॉबरमामांनी, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मामांनी, भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, हात पुसला, तोंड नाही, आणि माझा माउथ ऑर्गन घेऊन असा काही फुंकला की चौथं भोक मुकंच झालं. वर मला म्हणाले, "बिगडलाय वाटतं तुमचा."

रविवारी सकाळी गॅलरीत बसून मी तो खोलला. चष्म्याचे स्क्रू काढायचा पेचकस घेतला, आबांना शेजारी बसवून झाकणं धरायला दिली. पितळी पट्टीच्या फटीत लालभडक चटणी! माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "उद्यापासून कुण्णाला देणार नाही. आबा, तुमचा बघा कसा राहिलाय. नाहीतर हे लोक!"

आबा झाकणं पुसत होते.

"माजा ऱ्हायला," ते म्हणाले, "कारन त्यो कुनी मागितलाच न्हाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनीच सांगितलं. शाळेच्या गॅदरिंगला त्यांना दर वर्षी वाजवायला लावायचे, टाळ्याही लई पडायच्या. "मास्तर लोकं लांबनं इचारायची, फुंकायचा का ओढायचा. पर 'जरा दे की' म्हनून हात कुनी फुडं केला न्हाय. मी आपला रुमालानं पुसून तयार ठिवायचो."

आम्ही बौद्ध. स्टाफरूममध्ये आबांचा चहाचा कप खिडकीत वेगळा असायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माउथ ऑर्गनचं कधी मनातच आलं नव्हतं. आणि मी ती डबी कारखानाभर मिरवून आले होते! माझी मलाच लाज वाटली. रागही आला, पण ज्यांच्यावर काढायचा ते मास्तर आता कुठं शोधायचे? मी पट्टी साफ केली.

सोमवारी सुट्टी झाली आणि जॉबरमामा आले. तोंडात घास तसाच. "ताई, झाला का नीट? जरा द्या की."

चिडले तर मी होतेच. नळाकडे बोट दाखवलं. "आधी चूळ भरा. एकदा नाही, चांगली तीनदा."

"बरं बरं," म्हणत मामा नळाकडे गेले. ते येईपर्यंत मी माउथ ऑर्गन रुमालानं पुसून तयार ठेवला.