जिनिंगच्या केबिनमधलं झाड

मारेगावचा कापसाचा जिनिंग कारखाना बंद झाला, त्या दिवशी माझे यजमान एक कुंडी घेऊन घरी आले. तिथं ते फिटर होते. बोंडअळीनं पुन्हा कापूस खाल्ला होता, गाड्या येणं थांबलं होतं. मॅनेजरची केबिन रिकामी करताना कोपऱ्यातलं स्नेक प्लांट कोणालाच नको होतं. उभी, जाड पानं, कडांना पिवळी पट्टी.

"फेकून देऊन राह्यले होते. मी घेऊन आलो," हे म्हणाले.

मी घरी ब्लाउज शिवायची. हे घरी बसल्यापासून माझं अर्धं लक्ष सुईकडे आणि अर्धं यांच्याकडे. भोंगा वाजत नव्हता, तरी हे भोंग्याच्या वेळेला उठून कपडे घालून तयार. मग दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. पंखा खोलून पुसला, पुन्हा बसवला. नळ गळत नव्हता, तरी त्याचा वॉशर बदलला. मला घरात बसवेना आणि बाहेरही जाववेना.

मग यांचं लक्ष झाडाकडे गेलं. सकाळी तांदळाचं पाणी. दुपारी चहाचा चोथा, साखरेसकट. केळीची सालं कापून मातीत खुपसली. कुठून तरी मूठभर युरिया आणला, तोही घातला.

"अहो, किती खाऊ घालता त्याले?"

"मशीनले तेल लागते का नाई? तसंच हे."

कुंडीवर बारीक चिलटं घोंघावू लागली. एक पान मुळाशी पिवळं पडलं, मऊ झालं आणि आडवं झालं. मग दुसरं. हे कुंडीशेजारी बसून राहिले. म्हणाले, "माह्या हातानं काहीच धड होत नाई आता."

त्याच आठवड्यात माझी ताई घाटंजीहून आली. तिच्या पडवीत अशी झाडं होती. तिनं झाड मातीतून उपसलं. घाण वास सुटला. मुळं तपकिरी, चिकट झाली होती. सडलेलं सगळं तिनं विळीनं कापून टाकलं आणि उरलेल्या पानांचे तुकडे सावलीत कागदावर पसरले.

"काप सुकू द्या. मंगच लावा," ती यांना म्हणाली. "अर्धी रेती, अर्धी माती. पाणी माती पूर्ण वाळल्यावरच. हे झाड उपाशी मरत नाई, भाऊजी, खाऊन मरते."

"मंग खायले काय द्याचं?"

"नवी मुळं धरेपर्यंत काहीच नाई. पुढं उन्हाळ्यात महिन्यातून एखाद वेळ, जुन्या शेणखताचं पाणी. फिक्या चहाच्या रंगाचं, तेही आधी साधं पाणी घालून, ओल्या मातीत. थंडीत काहीच नाई."

"मंग मी काय करू?"

माझ्या शिलाई मशीनचा दोरा सकाळपासून तुटत होता. तोंडातून निघून गेलं, "माह्यी मशीन तरी पाहा जराशी."

त्यांनी ती संध्याकाळपर्यंत खोलली, साफ केली, जोडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं आपली बिघडलेली मशीन आणली. पुढे हे हत्यारांची पेटी सायकलला बांधून बाजाराच्या गावांना जाऊ लागले, थेट मुकुटबनपर्यंत. पोट भरायला ते पुरत होतं. पण जिनिंगसमोरून जायचं टाळायला ते लांबच्या रस्त्यानं वळसा घालत.

तुकडे रुजायला फार वेळ लागला. रोज एखादा उपटून मूळ फुटलं का ते हे पाहायचे, आणि मी ओरडायची. शेवटी एका तुकड्याशेजारी टोकदार कोंब आला. त्याची पानं साधी हिरवीच होती, पिवळी पट्टी गेली होती. तापत्या दिवसांत हे शेणखताचं पाणी दोन फडक्यांतून गाळत आणि पेल्यानं कडेकडेनं घालत.

पुढं एका हिवाळ्यात जिनिंगचे पत्रे काढून ट्रकमध्ये भरल्याचं कोणीतरी सांगितलं. हे उठले. पेला घेतला, शेणखत कालवलं आणि झाडापाशी गेले. थंडी होती, झाडाला काही द्यायचं नव्हतं. मी मशीन थांबवली, पण त्यांना अडवलं नाही.